पटले मॅडम आणि वाकडा पडदा

पटले मॅडम चालताना मी फारशा पाहिल्या नाहीत. त्या एक तर पळत असायच्या, नाही तर पळायच्या बेतात असायच्या. स्टाफरूममध्ये चहा आला की कप उचलून त्या थेट खिडकीशी जात, मैदानावरच्या कुणावर तरी ओरडत, दारापर्यंत येत, पुन्हा खिडकीशी जात. त्यांची बशी माझ्या टेबलावर सापडायची आणि कप कपाटावर. मी मराठीचा मास्तर, जात्याच बसका माणूस. खुर्ची मिळाली की तिला सोडायची नाही हे माझं धोरण, आणि त्या धोरणावर मॅडमचा डोळा. "मास्तर, उठा गा जरा. खुर्ची मरून जाईल ना तुमच्याखाली," असं त्या दिवसातून एकदा तरी म्हणत आणि माझं उत्तर ऐकायला थांबत नसत.

शाळा बिरसीच्या विमानतळापलीकडे, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या मधोमध. डोक्यावर दिवसभर शिकाऊ विमानं घिरट्या घालतात आणि गावात कुणी मान वर करून पाहत नाही. मॅडम पाहत. "पुन्हा डावीकडूनच आला पाहा. याले उजवीकडून कोनी शिकवत नाई का?" मग शिट्टी वाजवून पोरींना पळायला लावीत. पन्नाशी उलटली तरी त्या पोरींबरोबर मैदानाला फेरी मारायच्या, त्याही पुढे राहून.

त्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका, आणि त्यांचा खेळ एकच, कबड्डी. सुलोचना पटले हे नाव आमच्या भागातल्या कबड्डीच्या मैदानांवर माहीत नाही असा माणूस विरळा. घर पोवारांचं, शेतीवाडीचं. थोरले भाऊ दुलीचंद शेती पाहायचे आणि वडिलांच्या घराच्या अर्ध्या भागात मॅडम एकट्या राहायच्या. लग्नाचं कुणी काढलं तर त्या म्हणत, "मी थांबली तं लग्न होईल ना." हे ऐकून नव्यानं आलेल्या शिक्षिका हसत. दुलीचंदभाऊ हसत नसत, कारण त्यांनी आणलेली स्थळं दारावरूनच परत गेली होती.

त्यांची शिकवण सगळी डोळ्याची. "डोळा कानापर्यंत पाहिजे," हे वाक्य मी मैदानाच्या बाजूनं जाताना शेकडो वेळा ऐकलं असेल. पोरीला त्या समोर उभी करायच्या, म्हणायच्या, "माझ्या नाकाकडं पाह्य. डोळा हालला तं एक फेरी." मग पोरीच्या दोन्ही अंगांना दोघी उभ्या राहून बोटं दाखवायच्या आणि नाकावरची नजर न हलवता तिनं किती बोटं ते सांगायचं. डोळा हलायचाच, फेऱ्या व्हायच्याच. पण दोन महिन्यांत ती पोरगी चढाईला गेली की तिला सगळं मैदान दिसायचं. "समोरची कधी पकडत नाई, माय. समोरची तं दिसते. पकडते ते कोपऱ्यातली." हे सांगताना त्यांचा आवाज अगदी खाली यायचा, घरातली गोष्ट सांगावी तसा.

स्वतः मॅडमना डोक्याच्या मागे डोळे आहेत अशी पोरींची खात्री होती. फळ्याकडे तोंड करून मैदानाची आकृती काढता काढता त्या म्हणायच्या, "तिसऱ्या बाकावरचे शेंगदाणे संपले का आहेत अजून?" तिसरा बाक गार.

मग गुडघा गेला. निवृत्तीच्याच वर्षी. एका पोरीला पायपकड दाखवताना काहीतरी तुटल्याचा आवाज आला, आणि तो आवाज मी व्हरांड्यात ऐकला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की चाला, पण पळण्याचं नाव काढू नका. निवृत्तीच्या समारंभात हारतुरे झाले, मुख्याध्यापकांनी "आता आराम करा" म्हटलं, आणि मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं जणू शाप मीच दिला होता. समारंभानंतर काठी टेकत माझ्याशी आल्या. "मास्तर, मी तुमच्यासारखी नाई. मी बसली की मेली."

हे त्या गमतीनं म्हणाल्या नव्हत्या. त्यांना मरणाचं भय नव्हतं, बसून राहण्याचं होतं. त्यांच्या आई शेवटची काही वर्षं ओसरीवर एका जागी बसून होत्या. सगळ्यांनी त्यांना पाट दिला, पाणी दिलं, मान दिला, पण उठू कुणी दिलं नाही. मॅडमनी ते जवळून पाहिलं होतं. त्यामुळे पळणं गेल्यावर त्यांनी दोन गोष्टी दातात धरून ठेवल्या. एक मोटारसायकल आणि दुसरी शिट्टी. गुडघ्याला पट्टा बांधून त्या मोटारसायकलनं गोंदियाला जायच्या, आणि तालुक्यात कुठंही सामने असले की पंच म्हणून उभ्या राहायच्या. पण सामने काही रोज नसतात. घरात त्या पिंजऱ्यातल्या वाघासारख्या ओसरीपासून विहिरीपर्यंत येरझारा घालत, आणि दुलीचंदभाऊंची सून म्हणायची, "आत्याबाईनं अंगन झिजवून टाकलं."

इथं ममता येते. ममता उईके ही मॅडमची सगळ्यात तेज चढाईपटू. शाळा संपल्यावर तिनं कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं आणि आता नवऱ्याबरोबर गोंदियात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. गुडघ्याच्या दुखण्यात मॅडमना बघायला आली तेव्हा ती एक जुना लॅपटॉप ठेवून गेली, त्यात ट्रक चालवायचा एक खेळ घालून. तिला वाटलं, बाईंचा वेळ जाईल. बाईंनी तो ट्रक जो सुरू केला तो थांबवलाच नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्या कुठल्याशा परदेशी घाटात होत्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बसा मास्तर, माल पोचवून देतो." बोलताना त्या स्वतःला कधी 'तो' करायच्या, कधी 'ती', मला सवय झाली होती.

मी म्हटलं, "शेवटी बसलात की नाही?"

"बसून पन धावता येते गा," त्या म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा, दुखण्यानंतर, त्यांचा चेहरा खुललेला दिसला.

पण लॅपटॉपचा पडदा लहान. समोरचा रस्ता दिसायचा, बाजूचे आरसे दिसायचे नाहीत. आरसा बघायला बटण दाबून मान फिरवावी लागायची, तोवर मागचा ट्रक अंगावर. मॅडम चिडायच्या. "झापडं बांधून गाडी हाकायला लावली यानं मले. बाजूचं दिसत नाई तो काय खेल आहे?" ममतानं सांगितलं, मोठा मॉनिटर मिळतो. मॅडमनी विचारलं, मोठा की रुंद? ममतानं मोबाइलवर चित्र दाखवलं. खूप रुंद, आणि दोन्ही टोकांना आत वळलेला. गेम खेळणारी पोरं घेतात, ती म्हणाली. मॅडम म्हणाल्या, "तं मी काय म्हातारी आहो?"

आता आमच्याकडची रीत अशी की बैलजोडी घ्यायची तर एकट्यानं जायचं नाही. घरातला जाणता माणूस सोबत न्यायचा, त्यानं जोडीभोवती फिरायचं, पाठीवरून हात फिरवायचा, चालवून बघायचं, आणि शेवटपर्यंत विकणाऱ्याला आपल्याला ती आवडली हे कळू द्यायचं नाही. घरात आता ट्रॅक्टर आहे, पण दुलीचंदभाऊंचा या कामातला मान कायम. नागपूरला मॉनिटर घ्यायला मॅडम निघाल्या तेव्हा भाऊ धोतर नेसून, उपरणं टाकून आधीच गाडीत बसले होते. ममता होतीच. मला का नेलं, तर गाडीत जागा होती म्हणून.

दुकान थंडगार, काचेचं, सगळीकडे लाल-निळे दिवे. विकणारा मुलगा हिंदीत रिफ्रेश रेट आणि हर्ट्झ सांगू लागला. भाऊंनी त्याला हातानं थांबवलं आणि मांडलेल्या मॉनिटरभोवती एक पूर्ण चक्कर मारली. मागून पाहिलं. खाली वाकून पायाची पट्टी हलवून बघितली. मग एका बाजूला उभं राहून, एक डोळा मिटून, कडेनं पाहिलं. शेवटी वळलेल्या पाठीवरून हात फिरवून बहिणीला म्हणाले, "पाठ खोलगट आहे. खोलगट पाठीचं जनावर मी घेत नाई."

मुलगा गोंधळला. "सर, ये कर्व्ह है. डिझाइन है."

"चारा किती खाते?" भाऊंनी विचारलं.

ममतानं हसू दाबत त्याला सांगितलं की वीज किती लागते ते विचारताहेत.

  मॅडम मात्र पडद्यासमोर मध्यावर उभ्या राहिल्या होत्या आणि दोन्ही हात बाजूला पसरून पडद्याच्या टोकांकडे नेत होत्या. मुलगा समजावू लागला की वळवल्यामुळे कडा डोळ्यापासून सारख्याच अंतरावर राहतात, सपाट पडद्याच्या कडा लांब जातात. मॅडमनी त्याला पुरं बोलू दिलं नाही.

"भाऊ, हे पाठ नाई," त्या म्हणाल्या. "ही बचावाची साखळी आहे. सात जनी चढाईवालीभोवती अशाच कमानीत उभ्या राहतात. मध्ये मी." आणि मुलाकडे वळून, "हाच द्या."

सौदा करायचा राहिलाच. घरी येईपर्यंत भाऊ गाडीत त्यांच्या घरच्या पोवारी बोलीत पुटपुटत होते. मला अर्धं कळलं, पण तेवढं पुरेसं होतं.

घरी आल्यावर लक्षात आलं की एवढ्या रुंदीचं टेबल घरात नाही. गावातही नसावं. दुलीचंदभाऊंनी तक्रार करत करतच जुन्या धानाच्या कोठीचं सागवानी दार काढून आणलं, विटांवर आडवं टाकलं, आणि ते टेबल इतकं उंच झालं की खुर्चीत बसून काही दिसेना. मॅडमना तेच हवं होतं. ममतानं आणून दिलेलं खेळाचं स्टिअरिंग त्या दाराला घट्ट आवळलं आणि त्या उभ्यानं ट्रक चालवू लागल्या. वळणावर सगळं अंग कलायचं. ब्रेकला दुखरा पाय पुढे यायचा आणि मग त्या "आई गं" करून हसायच्या.

गाव बघायला येऊन गेलं. शेजारच्या काशीबाईंनी हळहळून विचारलं, "नागपूरवरून आनताना वाटेतच वाकली का वो?" त्यांचा सल्ला असा की रात्री वर गाद्या ठेवाव्यात, सकाळपर्यंत सरळ होईल. त्या हे मनापासून सांगत होत्या, आणि मॅडम बाहेर असताना एकदा त्या गादी घेऊन आल्याही. सून आडवी आली म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मॅडम खोलीला कडी लावू लागल्या.

पहिल्याच आठवड्यात भांडण झालं. खेळ सुरू केला तर दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या. एवढा रुंद पडदा घेतला आणि चित्र मधल्या मध्ये. मॅडमनी ममताला फोन केला, "तू मले अर्धा बैल देला!" ममता दुकान सोडून आली. खेळाच्या आत रुंदीची मांडणी बदलावी लागते, आणि जुना लॅपटॉप एवढं चित्र ओढू शकत नाही, म्हणून तिनं दुकानातला एक मोठा कॉम्प्युटर आणून जोडला. ते झालं आणि चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं. डावा आरसा, रस्ता, उजवा आरसा. मॅडमनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आता मैदान झालं."

बरे दिवस होते ते. लाइन गेली की त्या अंगणात येऊन आकाशातल्या विमानाला शिव्या द्यायच्या, लाइन आली की धावत, म्हणजे लंगडत, आत. मी रविवारी जाऊन ओसरीवर बसायचो. आतून हॉर्न, शिट्टी आणि मॅडमचा आरडाओरडा. मला वाटलं, सुटल्या बिचाऱ्या.

पण काही महिन्यांनी पुन्हा तक्रार सुरू झाली. बाजूच्या गाड्या उशिरा दिसतात. उजवीकडचा ट्रक नसतोच, आणि एकदम नाकासमोर असतो. रोज टक्कर. त्यांना खात्री होती की त्या काळ्या पट्ट्या परत आल्या आहेत, फक्त आता वेगळ्या रीतीनं. "कडा खाऊन राहिला हा पडदा," त्या म्हणत. ममतानं फोनवरून मांडणी तपासायला सांगितली. बरोबर होती. दुकानाचा माणूस येऊन गेला. "मैडम, पैनल में कोई प्रॉब्लम नहीं," म्हणाला. मॅडमनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. दुलीचंदभाऊ म्हणाले, मी तेव्हाच सांगितलं होतं, पाठ खोलगट आहे.

शेवटी ममता स्वतः आली. मी ओसरीवरून उठून आत गेलो होतो, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं. ममतानं स्टिअरिंग हातात घेतलं, चांगला अर्धा तास ट्रक चालवला. एक टक्कर नाही.

"तुझा डोळा तेज आहे," मॅडम म्हणाल्या. "माझा गुडघा गेला, हात धीमा झाला असंन."

 ममतानं खेळ बंद केला आणि पडदा टोकापासून टोकापर्यंत पांढरा केला. त्यावर एक काळा ठिपका काढला. मग म्हणाली, "मॅडम, मधोमध उभ्या राहा. एक डोळा झाका. नाकासमोर पाहा. ठिपका दिसला की सांगा. डोळा हालला तं एक फेरी."

मॅडम मोठ्यानं हसल्या. "माझीच विद्या मलेच का?"

पण उभ्या राहिल्या, डावा डोळा तळव्यानं झाकून. ममतानं ठिपका उजव्या टोकापासून आत सरकवायला सुरुवात केली. मी बाजूला उभा होतो, मला तो दिसत होता. टोकापासून निघाला, आरसा असायचा ती जागा ओलांडली, पुढे आला, आणखी पुढे आला. मॅडम समोर पाहत होत्या, चेहऱ्यावर अजून हसू होतं. "सरकव ना वो," त्या म्हणाल्या. "कवाची उभी आहो."

ममतानं माझ्याकडे पाहिलं. ठिपका पडद्याच्या मध्याला येऊन टेकत होता तेव्हा मॅडम म्हणाल्या, "हा आला."

दुसरा डोळा थोडा बरा होता. थोडाच. ममतानं वरून, खालून, सगळीकडून ठिपका आणला आणि मग माउस बाजूला सारला. मॅडमनी तळवा डोळ्यावरून काढला, पडद्याकडे पाहिलं, ममताकडे पाहिलं. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. हा खेळ त्यांचाच होता.

ममता रडू लागली. मॅडमनी तिच्या पाठीत एक चापट मारली. "रडतेस कायले? मी पकडली गेली, एवढंच. समोर पाहत राहिली आन कोपऱ्यातून पकडली गेली."

ममता आणि मी त्यांना नागपूरला घेऊन गेलो. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर हळूहळू जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही, गेलेला भाग मेंदू आपोआप भरून दाखवतो. गेलं ते परत येत नाही. उरलं आहे ते रोज थेंब घालून सांभाळायचं. तुमच्या कसं लक्षात आलं, त्यांनी विचारलं. "टीव्ही मोठा घेतला," मॅडम म्हणाल्या. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असंही सांगितलं. ते मॅडमनी ऐकलं, पण ऐकलं असं दाखवलं नाही.

परतीच्या वाटेवर त्यांनी आम्हा दोघांकडून वचन घेतलं. भाऊंना सांगायचं नाही, कुणालाच सांगायचं नाही. "सांगितलं तं ओसरीवर पाट मांडतीन माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. मी वचन दिलं. मला भीती वाटत होती, आणि त्यांच्या समोर भीती बोलून दाखवायचं धाडस मला नव्हतं.

मग त्यांनी नवाच उद्योग काढला. डोळा कडेपर्यंत जात नाही तर मान जाईल, असं म्हणून त्या त्याच पडद्यासमोर मान फिरवायला शिकू लागल्या. डावा आरसा, रस्ता, उजवा आरसा, रस्ता. तासन् तास. मान दुखायची, त्या तेल लावायच्या आणि पुन्हा उभ्या राहायच्या. टकरा कमी झाल्या हे खरं. मोटारसायकल त्यांनी गोंदियाला नेणं बंद केलं, पण गावात आणि शाळेपर्यंत नेतच राहिल्या, तशीच मान फिरवत. रस्त्यात ती मोटारसायकल दिसली की ती वळणापलीकडे जाईपर्यंत मी जागचा हलत नसे.

थंडीत आमच्या शाळेच्या मैदानावर मुलींचे तालुक्याचे सामने होते. पंच पटले मॅडम. अंतिम सामना आमच्या शाळेचा, दरेकशाकडच्या एका आश्रमशाळेशी. मी गुणलेखकांच्या टेबलाशी, अर्थात खुर्चीवर. दुलीचंदभाऊ प्रेक्षकांत, ममता आमच्या पोरींना पाणी द्यायला आलेली.

शेवटची चढाई त्या आश्रमशाळेच्या एका काळ्यासावळ्या, काटक पोरीची होती. दोन्ही संघांचे गुण बरोबरीत. आमच्या चौघींनी तिला कंबरेत धरलं आणि धूळ उडाली. ती खाली पडली, पण पडता पडता तिनं एक हात लांब टाकला. मधल्या रेषेला हात लागला तर ती सुटली, नाही तर बाद. मॅडम त्या ढिगाऱ्यापासून दोन पावलांवर होत्या. त्यांचे डोळे कंबरेच्या पकडीवर होते. शिट्टी वाजली. बाद.

आमच्या पोरी नाचू लागल्या. दरेकशाच्या बाजूनं ओरडा झाला, त्यांचे शिक्षक आत धावले, लोकांनी त्यांना अडवलं. पंचाशी भांडायचं नाही, असा सगळीकडून गलका. पटले मॅडमचा निर्णय म्हणजे निर्णय, तालुक्यात यावर कुणी कधी बोललं नव्हतं. आणि हे सगळं चालू असताना ती पोरगी उठली, मॅडमच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली आणि तिनं आपला पंजा वर केला. पंजा चुन्यानं पांढरा झाला होता. रेषेचा चुना.

मॅडम समोर पाहत होत्या. पोरगी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. ती थांबली, तिनं पंजा थोडा हलवला. मॅडमचं लक्ष नाही. मला वाटतं, तिला त्याच क्षणी कळलं. ती दोन पावलं चालली आणि वळसा घालून मॅडमच्या समोर येऊन उभी राहिली.

मॅडमनी तो पंजा पाहिला. मग पोरीचं मनगट धरलं आणि सगळ्यांना दिसेल असा हात उंच केला.

"गुन हिचा," त्या म्हणाल्या. शाळेतला तो जुना मैदानी आवाज. "रेषेले हात लागला होता. मी पाह्यला नाई, कारन मले बाजूचं दिसत नाई. काचबिंदू आहे. पुढच्या सामन्याले शिट्टी दुसऱ्याच्या हाती द्या."

आणि त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून दुसऱ्या पंचाच्या हातात ठेवली. आमची शाळा हरली होती, पण आमच्या पोरींतल्या एकीनंही हूं की चूं केलं नाही.  मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो, हे मला नंतर कळलं.

दुलीचंदभाऊ मैदानात आले. "सांगितलं काऊन नाई?" एवढंच विचारलं.

"सांगितलं असतं तं बसवलं असतं तुम्ही मले."

 भाऊंनी हात पुढे केला. मॅडमनी खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली, भाऊंच्या हातापर्यंत नेली, आणि ऐनवेळी हात वळवून ती ममताच्या ओंजळीत टाकली. "तुले चालवता येते ना वो? चाल तं. गोंदियाले थेंब आनायचे आहेत, ते संपले."

"आजच?" भाऊ म्हणाले. "जरा टेका ना आता."

"दुकान बंद होईल," मॅडम म्हणाल्या आणि लंगडत निघाल्यासुद्धा.

त्यानंतर लवकरच माझी बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. फोन होतात. पण त्यांना पाहिलं ते त्या दुपारीच शेवटचं. मी शाळेच्या फाटकाशी रस्त्याच्या कडेला उभा होतो. ममता मोटारसायकल चालवत होती, मॅडम मागे बसलेल्या, तिच्या खांद्यावर हात. त्यांची मान सारखी फिरत होती, डावीकडे, समोर, उजवीकडे, समोर, आणि तोंड चालूच होतं, "डावीकडून ट्रॅक्टर येऊन राहिला, सरक. पुढं कुत्रं आहे. पाह्यलं का?" मी त्यांच्या उजव्या बाजूला होतो. मी हात वर केला. तेव्हा त्यांची मान डावीकडे होती. उजवीकडे वळेपर्यंत गाडी पुढे निघून गेली होती आणि मी कडेलाच राहिलो होतो. हात खाली घ्यायचं मला सुचलं नाही. धूळ बसेपर्यंत मी तसाच उभा होतो.